काचेतली थोरली

धाकटी लग्न होऊन या घरात आली, तेव्हा थोरल्या जावेच्या आधी तिला भेटला तो थोरल्या जावेचा फोटो.

घर म्हणजे खाली फोटो स्टुडिओ आणि वर राहायच्या खोल्या. स्टुडिओच्या दाराला लागून रस्त्याकडे तोंड केलेली काचेची खिडकी होती, आणि तिच्यात निळ्या मखमलीवर, हातभर उंचीच्या चौकटीत, एक बाई बसलेली होती. गोल चेहरा, भरलेले गाल, हनुवटीच्या मधोमध एक खळगा आणि हनुवटीखाली मऊ वळी. गळा असा, की आत हाड नावाची वस्तू असेल यावर विश्वास बसू नये. बाई काही करत नव्हती, नुसती बसली होती. पण अशी भरल्या पोटाने बसली होती की रस्त्याने जाणाऱ्या माणसाला आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही हे आठवावं.

“या कोण?” धाकटीने नवऱ्याला विचारलं.

“थोरल्या वहिनी. दादाची बायको. चल, वर आहेत.”

वर खरोखरीच्या थोरल्या वहिनी दारात उभ्या होत्या, आणि त्या फोटोपेक्षा सरस होत्या. फोटोत रंग नव्हता, इथे तोही होता. धाकटीच्या पोटात त्या घडीला जे दुखायला लागलं, ते पुढे कैक वर्षं थांबलं नाही.

सासूबाईंनी दोन्ही सुना शेजारीशेजारी उभ्या केल्या, एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि शेजारणीला सांगून टाकलं, “एकीला पाहिलं की भूक लागते, दुसरीला पाहिलं की ताट वाढावंसं वाटतं.”

सगळे हसले. धाकटीही हसली. करणार काय? त्या दिवसापासून घरात तिचं नाव पडलं ‘काडी’.

काडी ती होतीच. त्या काळात बारीक बाई म्हणजे एक तर आजारी, नाहीतर माहेरी खायची आबाळ. येणारी प्रत्येक पाहुणी तिला बाजूला घेऊन खोकला येतो का म्हणून विचारायची. खोकला कसला येतोय! ती थोरलीच्या दीडपट जेवायची. ते अन्न जात कुठे होतं ते तिलाच ठाऊक नव्हतं. गळ्याखालची दोन हाडं मात्र खुंटीसारखी वर आलेली, की कुणी येऊन टोपी अडकवावी. उन्हाळ्यातसुद्धा ती गळ्यापर्यंत बटणं लावून बसायची.

थोरली दुष्ट होती असं मुळीच नाही. असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. ती आपली प्रेमाने जुने कपडे आणून द्यायची. “हा घे गं तुला. नवाच आहे. दोन्ही बाजूंनी आत घेतला की होईल.” मग जरा थांबून, अगदी मनापासून, “दोनदा आत घे.”

आणि बाजारात जाताना रोज खिडकीपाशी थांबायची. कुणी पाहिलंच तर म्हणायची, “मखमलीवर धूळ बसलीय का बघते.” धूळ कधीच बसलेली नसे, कारण खिडकी रोज पुसायचं काम धाकटीकडे होतं.

थोड्याच दिवसांत स्टुडिओतला रिटचिंगवाला दुसरीकडे निघून गेला. धाकटीची चित्रकला शाळेपासून बरी, हात स्थिर. नवऱ्याने तिला मागच्या खोलीत बसवलं. तिथे खिडकीपाशी एक तिरकी काच आणि काचेखाली आरसा, म्हणजे उजेड खालून वर यावा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि चेहरा सुधारायचा.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. डोळ्यांखालच्या सुरकुतीवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघोट्या भरल्या, की छापलेल्या फोटोत सुरकुती उजळून नाहीशी होते. बसलेला गाल वर येतो. आणि कमी करायचं असेल तर पातळ पात्याने निगेटिव्हवरचा थर खरवडायचा. तेवढा भाग फोटोत काळा पडतो आणि मागच्या काळ्या पडद्यात मिसळून जातो. भरायचं ते पेन्सिलीने, काढायचं ते चाकूने. पेन्सिलीची चूक स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येते. चाकूची नाही.

ती कामात तरबेज झाली. पण तिचं नशीब असं, की आत येणारी प्रत्येक बाई खुर्चीवर बसायच्या आधी बोट करून खिडकी दाखवायची. “मला त्यांच्यासारखं करा.”

शिक्षिका आली, तसं करा. पोस्टातली बाई आली, तसं करा. लग्न जमत नाही म्हणून बापाने आणलेली पोर आली, बाप म्हणाला, “गाल तेवढे त्या बाईंसारखे भरा हो, मुलाकडच्यांना हिच्या हाडांनीच घाबरवलंय.” आणि धाकटी भरत बसायची. पेन्सिल उचलायची आणि थोरलीचे गाल, थोरलीची हनुवटी, हनुवटीखालची ती मऊ वळी. वर्षानुवर्षं. त्या वस्तीतल्या निम्म्या घरांत भिंतीवर थोरलीचीच हनुवटी टांगलेली होती, आणि टांगणारी होती धाकटी. याहून मोठी शिक्षा एखाद्या कैद्यालाही कुणी दिली नसेल.

तिला हवं होतं एवढंच. एकदा, एकदाच, त्या मखमलीवर आपण बसावं. रस्त्याने जाणाऱ्यांनी थांबावं. आणि थोरलीने बाजारात जाताना ते बघावं. खरं सांगायचं तर सगळी गोडी त्या शेवटच्या वाक्यात होती.

मग वारं फिरलं. कोणी फिरवलं कोण जाणे. कोण सुंदर आणि कोण नाही हे ठरवताना आजवर कुणी बायकांना विचारलेलं नाही. एक दिवस कुठूनतरी हुकूम सुटतो आणि सगळ्या जणी निमूट रांगेत उभ्या राहतात. आधी एक बाई म्हणाली, “हनुवटीखालचं ते जरा कमी करता येईल?” मग दुसरीला कंबर हवी होती. तिसरीला दंड नको होते. धाकटीच्या टेबलावर पेन्सिली पडून राहायला लागल्या आणि चाकूला आठवड्याआड धार लावायची वेळ आली.

एका दुपारी कॉलेजातली एक मुलगी मासिकातलं पान घडी करून घेऊन आली. पानावरची पोरगी अशी होती, की सासूबाई असत्या तर त्यांनी आधी तिला दूध पाजलं असतं.

“मला ही हाडं हवीत,” मुलगी स्वतःचा गळा चाचपत म्हणाली. तिथे काही सापडेना. मग तिची नजर धाकटीकडे गेली. उकाडा होता, धाकटीचं वरचं बटण चुकून उघडं राहिलं होतं. “अय्या काकू! अगदी तुमच्यासारखी! किती मस्त आहेत तुमची!”

धाकटीने मागे वळून पाहिलं, दुसरी कुणी काकू उभी आहे की काय म्हणून.

त्या संध्याकाळी ती आरशासमोर बराच वेळ होती. दुसऱ्या दिवसापासून वरची दोन बटणं उघडी राहायला लागली, आणि जेवणाच्या टेबलावर ती जाणूनबुजून थोरलीच्या समोरची खुर्ची धरू लागली. पावाच्या जाड कापावर लोणी, लोण्यावर साखर, आणि वर पुन्हा “मला मेलं काही लागतच नाही अंगाला!” हे वाक्य. हेच वाक्य इतकी वर्षं ती रडव्या सुरात म्हणत आली होती. आता सूर तेवढा बदलला.

थोरली बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा घोट घोट पीत बसायची. तिने रात्रीचं जेवण सोडलं होतं. दुपारचं अर्ध्यावर आणलं होतं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायची, पण डॉक्टरांनी काही सांगितलेलं नव्हतं. ते स्वतःच तिच्यापेक्षा जाड होते. एवढं करूनही कंबर जिथल्या तिथे, उतरला फक्त चेहरा, तोही रागाने.

“काप देऊ एक?” धाकटी विचारायची.

“तूच खा गं. तुला गरज आहे,” थोरली म्हणायची. अजूनही तिच्या तोंडातून जुनंच वाक्य निघायचं. मग तिचं तिलाच कळायचं की आता ते लागू पडत नाही, आणि ती उठून जायची.

अखेर एकदा नवऱ्याने विषय काढला. “काचेतला फोटो बदलायला हवा. काल एक गिऱ्हाईक विचारत होतं, ही आजी कोण?”

धाकटीने आवाज सपाट ठेवला. “मग? कुणाचा लावणार?”

“बघू. आजकाल बारीक चेहरा चालतो. तू बसतेस का?”

इतकं सोपं होतं! इतक्या वर्षांची आस, आणि तो विचारत होता जणू चहा घेतेस का म्हणून. तिने दोन वेळा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा विचारण्याआधीच हो म्हटलं, आणि काळा, गळा उघडा असलेला कपडा कपाटातून बाहेर काढला. तिचा स्वतःचा. एकदाही आत न घेतलेला.

नवऱ्याने फोटो काढला. स्टुडिओच्या पद्धतीप्रमाणे रिटचिंगच्या आधी एक कच्ची प्रत छापली. धाकटीने ती पाहिली आणि चटकन उलटी करून ठेवली. गळा सुरेख होता, हाडं मासिकातल्यासारखी. पण वर चेहरा तिचाच होता, आणि तिशी कधीच मागे पडलेली. डोळ्यांखाली काळं. गाल बसलेले. तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा, जळफळाट करून करून पडलेल्या. ज्या काळात तो गळा काचेत लावण्याजोगा नव्हता त्या काळात चेहरा ताजा होता, आणि आता गळ्याचे दिवस आले तेव्हा चेहरा निघून चालला होता.

असू दे. तिच्या हातात पेन्सिल होती की! आयुष्यभर दुसऱ्यांसाठी झिजवलेली.

तीन दिवस ती मागच्या खोलीतून उठली नाही. रिटचिंग करायचं ते भिंगाखाली, नखाएवढा तुकडा एका वेळी. आधी डोळ्यांखालचं काळं. मग त्या दोन रेघा. मग गालांत थोडं, अगदी थोडं. गाल भरले तशी हनुवटी टोकदार वाटायला लागली, म्हणून तिथेही थोडं. हात सरावाचा होता, विचार करावा लागत नव्हता. नवऱ्यानेही छापल्यावर भिंग लावूनच तपासलं. ठिपका नाही, रेघ नाही, पेन्सिल कुठे दिसत नाही. “झकास!” तो म्हणाला. दोघांनी मिळून थोरलीची चौकट उतरवली. मखमलीवर तिच्या जागी गडद निळा चौकोन होता, बाकी सगळी मखमल उन्हाने विटलेली. त्या चौकोनावर धाकटीचा फोटो बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुद्दाम केरसुणी घेऊन दारात उभी राहिली.

समोरचा पाववाला थांबला. काचेत पाहिलं. आणखी जवळ गेला. “वा!” तो म्हणाला. “काय बारीक झाल्या हो तुमच्या थोरल्या जाऊबाई!”

धाकटीला वाटलं, याचे डोळे गेले. पण मग औषधांच्या दुकानातली बाई आली. “थोरल्या वहिनी ना? बाई, मानलं! काय केलं काय त्यांनी?” मग पोस्टातली, जिच्या स्वतःच्या भिंतीवर ती हनुवटी होती. “आम्हाला पण सांगा म्हणावं!”

धाकटी केरसुणी टाकून रस्त्यापलीकडे गेली आणि तिथून, भिंगाशिवाय, पहिल्यांदाच तिने तो अख्खा फोटो पाहिला.

काचेत थोरली बसली होती. तेच गाल, तीच हनुवटी, हनुवटीच्या मधोमध तो खळगासुद्धा. तो कधी पडला हातून? खाली गळा धाकटीचा, हाडं धाकटीची, कपडा धाकटीचा. आणि वर, तृप्त, भरल्या पोटाची, ती! इतक्या वर्षांत या हाताला सुंदर चेहरा एकच येत होता. स्वतःचा करायला बसली आणि त्याने आपला नेहमीचा काढून ठेवला.

अंगाचा तिळपापड झाला. पण खरी आग पुढेच होती. थोरली बाजारात निघाली, आणि पाववाल्याने तिला अडवून तेच सांगितलं. थोरलीने काचेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कपडा कुणाचा हे तिला कळलं नसेल असं होणारच नाही. मग ती पाववाल्याकडे वळली आणि लाजून म्हणाली, “हो, उतरलंय थोडं.”

थोडं! दुपारपर्यंत तिने सगळ्या रस्त्याचं कौतुक पदरात पाडून घेतलं. समोर साक्षात अडीच मणाची बाई उभी, पण लोक काचेतलीच पाहत होते.

“उतरवा तो,” धाकटी नवऱ्याला म्हणाली.

“वेडी आहेस का? सकाळपासून चार बायका येऊन गेल्या. म्हणतात, आमचंही असंच करा.”

संध्याकाळी धाकटी मागच्या खोलीत बसली होती, काम न करता. दार उघडलं आणि थोरली आत आली. इतक्या वर्षांत तिने या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. तिरक्या काचेकडे, पेन्सिलींकडे, चाकूकडे तिने बघून घेतलं.

“छान काढलायस माझा फोटो,” ती म्हणाली.

“तुमचा नाही तो, जाऊबाई. माझा आहे.”

“कळतंय. डोळे आहेत मला.” थोरलीने स्टूल ओढलं; स्टूल कुरकुरलं. “गाल माझे घेतलेस. हनुवटी माझी. खळगासुद्धा सोडला नाहीस. एवढं सगळं माझं घेतलंस, आणि बारीकपणा तेवढा स्वतःचा ठेवलास! अगं, तोच तर द्यायचा होता!”

धाकटीचा आवाज चढला. “तुम्हाला काय कमी होतं हो? बावीस वर्षं काचेत बसलात!”

“आणि आता आजी झाले. ऐकलं मी भावजी काय म्हणाले ते. वरपर्यंत येतं सगळं ऐकू.” थोरलीने स्टूल आणखी जवळ ओढलं. मग हात पुढे करून म्हणाली, “खरा कुठाय?”

“कोण खरा?”

“रंगरंगोटीच्या आधीचा. असतो ना तुमच्याकडे एक? दे मला.”

“कशाला?”

“दे म्हणते ना काडे.”

नाही म्हणता आलं असतं. पण थोरलीला नाही म्हणायची सवयच धाकटीला नव्हती. उलटी ठेवलेली कच्ची प्रत तिने ओढून दिली. थोरलीने ती पाहिली नाही. कपड्यात सरकवली आणि गेली.

मग धाकटीची झोप उडाली. ही आता काय करणार? आपल्या बहिणींना दाखवणार. बहिणी एकमेकींच्या अंगावर पडून हसणार. ‘ही बघा काचेतली सुंदरी, रंग उतरल्यावर!’ वर कुजबूज झाली की धाकटी जिन्यात कान देऊन उभी राहायची. थोरलीकडे पाहुणी आली की चहा न्यायच्या निमित्ताने आत जायची आणि पाहुणीच्या हातांकडे बघायची. काही सापडलं नाही. एकदा तिने थोरलीचं कपाटही चाळलं. तिथे मिळाले ते फक्त थोरलीचे स्वतःचे कपडे, बारीक होण्याच्या आशेने तिने दोनदा आत घेतलेले. घालायला जमत नसणार, म्हणून तळाशी.

काचेत तो फोटो काही फार टिकला नाही. नवऱ्याला त्या मासिकवाल्या, आता उपास करकरून वाळलेल्या मुलीचा फोटो जास्त बरा वाटला, त्याने तो लावला. दोघी जावा एक दिवस बाजारातून येताना तिथे थांबल्या.

“गाल बघा हिचे,” धाकटी म्हणाली. “चमच्याने कोरून काढल्यासारखे.”

“उभी राहिली तर मोडेल,” थोरली म्हणाली.

इतक्या वर्षांत दोघींचं एवढं एकमत कशावर झालं नव्हतं. तरी मान वर करून दोघीही जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

एकदा दुपारी थोरली वरच्या खोलीत पडली होती. डोकं दुखत होतं, पोटात काही नसलं की दुखायचं तसं. “चहा टाकतेस का गं माझाही?” तिने हाक मारली. “कोराच हो!” धाकटी स्वयंपाकघरात गेली. चहाची पूड संपली होती. नवा डबा थोरलीच्या बाजूच्या कपाटात असायचा. ते कपाट थोरलीचं, तिथे दुसरं कुणी हात लावत नसे. धाकटीने उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला, बरोबर साखरेच्या बरणीसमोर, चार टाचण्या मारून कच्ची प्रत लावलेली होती. डोळ्यांखालचं काळं, बसलेले गाल, तोंडाच्या दोन रेघा, सगळं जसंच्या तसं. कोपरे चिकट बोटांनी मळलेले. बरणीला हात घालायचा म्हणजे त्या बाईच्या नजरेसमोरून घालायला लागावा, अशा बेताने लावलेली.

धाकटी दाराला धरून उभी राहिली. म्हणजे इतके महिने रोज, दिवसातून जितक्यांदा हात साखरेकडे जाईल तितक्यांदा, थोरली या चेहऱ्याकडे बघत होती. हसायला नव्हे. जळायला. काचेतल्या फोटोपुढे रस्त्याने जाणारे येता-जाता थांबायचे. या फोटोपुढे एकच बाई थांबत होती, आणि तीच तर धाकटीला हवी होती. पेन्सिलीचा एक टच नसलेल्या तोंडापुढे!

तिने तो पुन्हा नीट पाहिला. इतका काही वाईट नव्हता आलेला.

मग कपाट लावण्याआधी तिने बरणी काढली. दोन कप चहा केला. एकात काही घातलं नाही. दुसऱ्यात चांगले दोन चमचे साखर घातली, वर आणखी अर्धा घातला, ढवळून ढवळून खडा उरू दिला नाही, आणि तो कप थोरलीला नेऊन दिला.

थोरलीने एक घोट घेतला. कपावरून धाकटीकडे पाहिलं. धाकटी आपला कोरा चहा फुंकत बसली होती, वरची दोन बटणं उघडी.

“गोड झालाय,” थोरली म्हणाली.

“हो का?” धाकटी म्हणाली. “लक्षात नाही राहिलं.”

थोरलीने कप खाली ठेवला नाही.